तुमचं जनावर, तुमचे प्रश्न : लॅब्रॅडॉरची भूक आणि त्याचं मूळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच जातीबद्दल आहेत, म्हणून हा अंक लॅब्रॅडॉरला दिला आहे. पशुसंवर्धन खात्यात तेहतीस वर्षं गाई-म्हशी तपासल्या. निवृत्तीनंतर साताऱ्यात छोटा दवाखाना सुरू केला, आणि आता टेबलावर येणाऱ्या कुत्र्यांत सगळ्यात जास्त लॅब्रॅडॉरच असतात. घरी कस्तुरी आहे, काळी मादी, नऊ वर्षांची. हे लिहितानाही ती पायाशी बसून माझी चप्पल तोंडात धरून आहे. चावत नाही, नुसती धरून आहे. तसं का, तेही पुढे येईल.

प्रश्न : मुलीची बारावी झाली की लॅब्रॅडॉर घ्यायचं ठरलंय. ब्रीडरनं ३२ दिवसांचं पिल्लू दाखवलं. 'डबल बोन आहे, पंच फेस आहे, लहान असतानाच न्या म्हणजे लळा लागतो,' असं तो म्हणाला. ही जात कॅनडातल्या लॅब्रॅडॉर भागातली ना? आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मानवेल का? (एक वाचक, पुणे)

आधी पिल्लाचं सांगते, कारण ते तातडीचं आहे. हे पिल्लू आज आणू नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी मस्ती करताना दातांचा जोर किती लावायचा ते शिकतात. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ मोडतो. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू हा धडा तुमच्या मुलीच्या हातावर शिकतं. लळ्याचं म्हणाल तर आठव्या आठवड्यात आणलेला लॅब्रॅडॉर दोन दिवसांत तुमचा होतो, त्याची काळजी नको.

'डबल बोन' (जाड हाडांचं) आणि 'पंच फेस' (चपट्या, रुंद तोंडाचं) ही बाजारातली भाषा आहे. जातीच्या कुठल्याही अधिकृत वर्णनात असे प्रकार नाहीत. जाडजूड दिसावं म्हणून भरमसाट खाऊ घातलेली पिल्लं मी तपासली आहेत. दीड वर्षाची होईतो त्यांच्या खुब्याच्या सांध्यांची काय दशा होते तेही एक्स-रेत पाहिलं आहे. लॅब्रॅडॉरमध्ये खुबा आणि कोपर हे आधीच नाजूक, पिढीजात दुखणं असलेले सांधे. म्हणून ब्रीडरला विचारायचं ते हे : आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का? आई समोर दाखवता का? केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावरचा मायक्रोचिप नंबर आणि कुत्र्याच्या अंगातली चिप जुळते का? या तीन प्रश्नांवर जो चिडेल त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.

आता मूळ. नाव लॅब्रॅडॉर असलं तरी हा कुत्रा त्या भागातला नाही. लॅब्रॅडॉरच्या दक्षिणेला न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट आहे, तिथला तो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे कोळी कॉड मासा धरायला तिकडे जात, हळूहळू तिथेच वस्ती करून राहिले. त्यांच्याबरोबर गेलेल्या कुत्र्यांची तिथे सरमिसळ होऊन एक आखूड केसांचा, काळा, छातीवर पांढरा ठिपका असलेला कुत्रा तयार झाला. बेटावरच्या सेंट जॉन्स या मुख्य बंदरावरून त्याला सेंट जॉन्सचा पाणकुत्रा म्हणत. त्याचं काम ऐका. जाळ्याची दोरी तोंडात धरून होडीपासून किनाऱ्यापर्यंत पोहत न्यायची. गळातून निसटलेला मासा पाण्यात उडी टाकून पकडायचा आणि मालकाच्या हातात द्यायचा. हे सगळं उत्तर अटलांटिकच्या गारठलेल्या पाण्यात. तुमच्या पुढ्यातल्या पिल्लाचा स्वभाव तिथे घडला.

खारवलेला मासा घेऊन जहाजं इंग्लंडातल्या पूल बंदराला लागत, आणि खलाशांबरोबर हे कुत्रेही उतरत. जवळच माम्सबरीच्या अर्लची, म्हणजे तिथल्या एका सरदाराची, जहागीर होती. दलदलीत, पाण्यात पडलेलं शिकारीचं बदक हे कुत्रे अलगद उचलून आणतात हे त्या घराण्यानं हेरलं आणि ते कुत्रे पाळायला लागले. तिसऱ्या अर्लनं १८८७ साली एका पत्रात लिहून ठेवलं आहे की आम्ही यांना कायम लॅब्रॅडॉर कुत्रेच म्हणत आलो. पाणी झटकून टाकणारे दाट केस आणि पाणमांजरासारखी शेपूट ही खरी खूण, असंही त्यात आहे. त्याच्याकडची कुत्री स्कॉटलंडमध्ये बक्लूच्या ड्यूककडे गेली. त्यांतले १८८२ साली जन्मलेला नेड आणि १८८५ साली जन्मलेला एव्हन हे आजच्या जातीचा पाया मानले जातात. इंग्लंडच्या केनेल क्लबनं १९०३ साली जातीला मान्यता दिली, अमेरिकेत १९१७ साली नोंद झाली. पुढे अमेरिकेत १९९१ पासून सलग ३१ वर्षं नोंदणीत पहिला नंबर याच कुत्र्याचा होता.

आणि बेटावर काय झालं? तिथे मेंढीपालन वाढवायचं होतं म्हणून १८८५ साली मेंढ्यांच्या रक्षणाचा कायदा आला, कुत्र्यांवर कर बसले, बंदी आली. तिकडे इंग्लंडनं बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना क्वारंटाइनची सक्ती केली. मूळ पाणकुत्रा कमी कमी होत गेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रां ब्रुई नावाच्या आडबाजूच्या कोळीवाड्यात शेवटचे दोन पाणकुत्रे उरले होते. दोघे भाऊ, दोघेही नर, दोघेही म्हातारे. त्यांचा फोटो आहे. काळे, छातीवर पांढरं, तोंडावर पिकलेले केस. मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कस्तुरीचाच वाटला. ते गेले आणि मूळ वंश संपला. आता त्यांचं जे काही शिल्लक आहे ते या लॅब्रॅडॉरमध्ये आणि त्याच्या भाऊबंद रिट्रीव्हर (शिकार उचलून आणणाऱ्या) जातींमध्ये.

फ्लॅटमध्ये मानवतो. जागा किती यापेक्षा तुम्ही वेळ किती देता याला महत्त्व आहे. सकाळी सातच्या आत पाऊण तास आणि सूर्य मावळल्यावर पाऊण तास, पावसातही, परीक्षा असतानाही. मुलगी इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेली तर हे कोण करणार, ते पिल्लू आणण्याआधी घरात बसून ठरवा. सहा महिन्यांपर्यंत जिन्यावरून पळवत नेऊ नका, उचलून न्या.

प्रश्न : आमचा ब्रूनो चार वर्षांचा आहे, वजन ४३ किलो. दिवसभर खायला मागतो. जंताचं औषध तीनदा दिलं. सासूबाई म्हणतात मुकं जनावर आहे, उपाशी ठेवू नका. काय करू? (एक वाचक, नागपूर)

जंत नाहीत. ब्रूनोला खरोखरच भूक लागते, आणि ती त्याच्या पोटात नाही, मेंदूत आहे.

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली शोधून काढलं की लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. सगळ्यांत नाही, साधारण चारांतल्या एकात. 'पोट भरलं, आता बस' हा निरोप मेंदूत तयार व्हायला हे जनुक लागतं. तुकडा गळाला की निरोप अर्धवट पोचतो. याच गटानं २०२४ साली पुढची गोष्ट दाखवली. अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भूक लागते, शिवाय बसल्या जागी त्यांचं शरीर जवळजवळ पाव हिस्सा कमी ऊर्जा खर्च करतं. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी. बर्फाच्या पाण्यात राबणाऱ्या कुत्र्याला हे उपयोगाचं पडलं असावं असं मला वाटतं, नागपुरातल्या बंगल्यात ते जिवावर येतं. आणखी एक लक्षात ठेवा. अंधांच्या वगैरे मदतीला तयार केलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हा बदल चारांतल्या तिघांत सापडला. खाऊच्या लोभानं शिकणारा कुत्रा लवकर शिकतो, म्हणून अशीच कुत्री निवडली गेली असावीत. तुमचा ब्रूनो हावरा आहे म्हणून त्याला कुणी बोलू नये, तो बहुधा तसाच जन्माला आला आहे.

पण सासूबाईंना एक गोष्ट नक्की वाचून दाखवा. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर सांभाळलं. जोडीतल्या एकाला जितकं खाणं, त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी दुसऱ्याला. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणारी कुत्री सरासरीनं १३ वर्षं जगली, जास्त खाणारी ११.२. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि सांधेदुखीही त्यांना उशिरा आली. ताटातला तो चौथा हिस्सा वाढताना हे आठवा.

नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलोच्या दरम्यान असावं. पण काट्याआधी हात लावून बघा. तुमच्या हाताची मूठ वळा आणि उभ्या हाडांवरून बोट फिरवा, तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा बारीक आहे. मूठ सोडून तळहात उताणा धरा आणि बोटांच्या मुळाशी चाचपा, तशा लागल्या तर जाड आहे. पालथ्या हाताच्या बोटांवरून फिरवल्यावर जसं लागतं, वर थोडं मांस पण हाड समजतं, तसं लागायला हवं. ब्रूनोच्या बरगड्या बहुतेक लागणारच नाहीत.

आता काय करायचं. एक डबा घ्या. सकाळी दिवसभराचं सगळं खाणं मोजून त्यात काढा. घरातल्या कुणीही काहीही द्यायचं ते त्या डब्यातलंच, डबा रिकामा झाला की दिवस संपला. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात सहा माणसं होती. प्रत्येक जण 'मी फक्त अर्धी पोळी देतो' म्हणायचा. हिशेब केला तर कुत्र्याच्या पोटात जेवणाशिवाय रोज तीन पोळ्या जात होत्या, चहाच्या वेळची बिस्किटं वेगळीच. डबा आला आणि आठ महिन्यांत सात किलो उतरले. पोट भरल्यासारखं वाटायला उकडलेला दुधी, काकडी, गाजर द्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. वजन महिन्याला एक-दीड किलोच्या वर उतरवू नका, आणि थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घ्या.

नागपूरचा उन्हाळा आहे म्हणून आणखी एक. या कुत्र्याला दोन थरांचे केस असतात, वर राठ आणि आत मऊ लोकर. उन्हाळ्यात ते भादरू नका, रोज विंचरून सुटलेली लोकर काढा. एका मे महिन्यात दुपारी बाराला मालकाच्या मोटारसायकलमागे धावलेला लॅब्रॅडॉर माझ्या टेबलावर आला होता. जीभ जांभळी, अंगात १०८ ताप. पाणी ओतलं, पंखे लावले, सलाईन चढवलं, वाचला नाही. तो मालकाला सोडून मागे राहायला तयारच नव्हता. धाप लागली तरी थांबत नाही हा यांचा स्वभाव, म्हणून थांबवायचं आपण.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर मादी काळी, ज्या नराशी मेटिंग केलं तोही काळा. आठ पिल्लांत दोन पिवळी निघाली. शेजारी म्हणतात गल्लीतल्या कुत्र्याची आहेत. नराचा मालकही आता कागदावर सही करायला का-कू करतोय. (एक वाचक, रत्नागिरी)

तुमच्या मादीवर उगाच आळ आलाय. रंगाचा खेळ दोन जनुकांचा आहे. पहिलं जनुक शाई कोणती ते ठरवतं, काळी की चॉकलेटी. काळी जोरकस आहे, एका बाजूनं जरी आली तरी पिल्लू काळं. दुसरं जनुक ती शाई केसांत उतरू द्यायची की नाही ते ठरवतं. दोन्ही पालकांकडून 'उतरू देऊ नको' आलं की शाई असूनही केस पिवळे राहतात. तुमची मादी आणि तो नर दोघेही काळे, पण प्रत्येकाच्या पोटात एकेक 'उतरू देऊ नको' दडलेलं असणार. अशा जोडीची सरासरीनं पाव पिल्लं पिवळी होतात. आठांत दोन, म्हणजे तुमचा हिशेब पुस्तकातल्यासारखा जमलाय. पिवळ्या पिल्लांचं नाक बघा. नाक काळं असेल तर शाई काळीच आहे, नुसती केसांत उतरली नाही.

हे जुनंच आहे. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्रॅडॉर, हाइडचा बेन, १८९९ साली इंग्लंडात जन्मला तो काळ्या आई-बापांपोटीच. त्याआधी अशी पिल्लं बेरंगी म्हणून मारून टाकत. शेजाऱ्यांना हे सांगा. नुसत्या रंगावरून मेटिंग चुकलं असं कुणालाच म्हणता येणार नाही. नराच्या मालकाला तरीही शंका असेल तर डीएनए चाचणीनं बाप ठरवता येतो, खर्च त्यानं करावा.

पुढच्या वेताला 'चॉकलेटी काढा, भाव येतो' असा सल्ला कुणी दिला तर त्यामागे लागू नका. ब्रिटनमधल्या लॅब्रॅडॉरच्या नोंदींचा अभ्यास २०१८ साली आला. त्यात चॉकलेटी कुत्र्यांचं आयुष्य १०.७ वर्षं निघालं, बाकीच्यांचं १२.१. कान आणि कातडीची दुखणीही त्यांना जास्त. रंगामागे लागून मोजक्याच कुत्र्यांत जोड्या लावल्या की असं होतं.

प्रश्न : एकटा बंगला आहे. राखणीला लॅब्रॅडॉर चालेल? (एक वाचक, ठाणे)

नाही. भुंकेल, मग चोराला चेंडू आणून देईल. राखणीसाठी गडी किंवा कॅमेरा ठेवा, आणि लॅब्रॅडॉर हवा असेल तर सोबतीला ठेवा.

मात्र तुम्ही ठाण्याचे, मुंबईच्या वेशीवरचे. या कुत्र्यानं तुमच्या शहराची राखण कशी केली ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर हा पिवळा लॅब्रॅडॉर. पुण्यात शिकून आला, आणि मार्च १९९३ च्या स्फोटांच्या वेळी त्यानं लपवलेली स्फोटकं हुंगून काढली. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब, ६,४०६ काडतुसं अशी त्याच्या नावावर नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कॅन्सरनं तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला पूर्ण सन्मानानं निरोप दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघेही लॅब्रॅडॉरच. अतिरेक्यांनी सीएसटी स्टेशनात ठेवलेले हातबॉम्ब सीझरनं शोधले. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका शेतावर राहायला गेले.

त्या कुत्र्यांना आरडीएक्स म्हणजे काय हे ठाऊक नसतं. हा वास सापडला की शांत बसायचं, मग आपला माणूस खूश होतो आणि चेंडू देतो, एवढंच त्यांना कळतं. न्यूफाउंडलंडच्या होडीतला कुत्रा मासा पकडून तसाच धन्याच्या हातात देत होता. नाक तेच, धन्याला खूश करायची ओढही तीच.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर घरातलं सगळं तोंडात घेऊन फिरते. चपला, टॉवेल, एकदा तर बाळाचं दुपटं. मारूनही सुधारत नाही. चावायला लागेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

मारणं आजपासून बंद करा. तिच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या ज्या कामासाठी जोपासलं तेच ती करते आहे. बदकाचं पीसही न मोडता ते मालकाच्या हातात द्यायचं, याला मऊ तोंड म्हणतात. ती चावायची तयारी करत नाही, तुम्हाला काहीतरी आणून देते आहे, आणि बदल्यात तुम्ही मारता. असं चाललं तर ती वस्तू घेऊन पलंगाखाली पळेल, आणि मग तिथे हात घातलात तर गुरगुरेलही.

उलट करा. काही घेऊन आली की खाली बसा, 'दे' म्हणा, तळहात पुढे करा, सोडलं की शाबासकी आणि डब्यातला एक दाणा. आठवड्यात ती चप्पल तुमच्या हातात ठेवायला लागेल. मग तिला काम नेमून द्या. कस्तुरी रोज सकाळी फाटकातून वर्तमानपत्र आणते. मागच्या वर्षी परसात कोंबडीचं अंडं गवतात राहिलं होतं, ते तिनं तोंडातून आणून माझ्या ओंजळीत ठेवलं. लाळेनं माखलेलं, कोमट, आणि कवचावर एक चरासुद्धा नाही.

आणि तुमच्याकडे पंचगंगा आहे. पावसाळा सरून पाणी संथ झालं की लांब दोरी बांधून, उथळ जागी, घाट सोडून तिला पाण्यात घाला. आम्ही कस्तुरीला माहुलीच्या संगमावर नेतो. काठावर असताना तिचं अंग थरथरत असतं. लाकडाचा तुकडा फेकला की ती उडी न मारता सरळ चालत पाण्यात शिरते आणि एका क्षणी पाय सुटतात. बोटांमधले पडदे उघडतात. मुळाशी जाड असलेली शेपूट पाण्यावर आडवी होऊन होडीच्या सुकाणूसारखी वळते. परत येते तेव्हा डोळे तुकड्यावर नसतात, माझ्यावर असतात. बाहेर येऊन दोनदा अंग झाडलं की वरचे केस जवळजवळ कोरडे आणि आतल्या लोकरीला पाणी शिवलेलंही नसतं.

कान मात्र लोंबते असतात, आत पाणी राहिलं की पिकतात. पोहून आल्यावर कानाची पाळी उलटी करून सुती फडक्यानं दिसेल तेवढंच पुसा, आत काडी घालू नका. वास यायला लागला किंवा ती डोकं एका बाजूला झटकायला लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.